स्नेअर गाठ मारतात, पण कुठे आणि केव्हा ते दुसरेच ठरवतात

पेशीत माल पटलाच्या छोट्या पिशव्यांतून, म्हणजे व्हेसिकलमधून, फिरतो. व्हेसिकल पोचलं की ते समोरच्या पटलात मिसळतं, याला मिलन म्हणतात, आणि त्यासाठी दोन पटलं ओढून जोडणारी प्रथिनं म्हणजे स्नेअर. नागपूरला एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "नोट्समध्ये लिहिलंय की व्हेसिकलवरचा स्नेअर आणि समोरच्या पटलावरचा स्नेअर कुलूप-किल्लीसारखे जुळतात, म्हणून माल बरोबर पत्त्यावर पोचतो. मग रॅब, टेदर, मंक-१८, सायनॅप्टोटॅग्मिन ही एवढी फौज कशाला? आणि प्रोजेक्टमध्ये लायपोसोमच्या मिश्रणात एनबीडीची चमक वाढली, तर मिलन झालं असं लिहू का?"

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. नाही, तेवढ्यावर तसं लिहू नका. (लायपोसोम म्हणजे नळीत बनवलेले लिपिडचे पोकळ गोळे, एनबीडी हा त्यांना लावलेला चमकणारा रंग.) कारणं खाली प्रयोगाच्या भागात येतील.

पहिल्या प्रश्नात मात्र नोट्सच चुकल्यात, आणि ही चूक जुनी आहे. १९९३ साली पेशीशास्त्रज्ञ जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेने स्नेअरची कल्पना मांडली तेव्हा जवळपास असंच वाटत होतं: प्रत्येक जातीच्या व्हेसिकलला आपला स्नेअर, प्रत्येक पत्त्याला आपला. १९९९ मध्ये शुद्ध प्रथिनं नळीत एकत्र ठेवून पाहिली, तर पेशीत कधी भेटणारही नाहीत अशा जोड्यासुद्धा तितक्याच घट्ट बसल्या. पुढच्याच वर्षी यीस्टचे स्नेअर लायपोसोमवर बसवून केलेल्या प्रयोगांत बऱ्यापैकी निवड दिसली, हेही खरं. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर स्नेअरची जोडी पत्ता ठरवायला थोडा हातभार लावते, एवढंच म्हणता येतं. पूर्ण पत्ता तिच्यात नाही.

नागपूर जंक्शनवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन्ही मार्गांच्या गाड्या येतात. डब्यांची कपलिंग एकाच मापाची असते. हावड्याचा डबा चेन्नईच्या गाडीला लागत नाही, ते काही कपलिंग बसत नाही म्हणून नाही. सिग्नल, पॉइंट, शंटिंगवाल्याच्या हातातली यादी हे सगळं मध्ये असतं म्हणून. स्नेअर म्हणजे कपलिंग, आणि तुम्ही ज्याला फौज म्हणता ती म्हणजे यार्डातली माणसं.

आधी जोराचं बघू

दोन फॉस्फोलिपिड पटलं जवळ आणली तर ती आपणहून मिसळत नाहीत. लिपिडच्या डोक्यांना पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, आणि अंतर एक-दोन नॅनोमीटरवर आलं की ते पाणी हटवायला लागणारा जोर झपाट्याने वाढतो. ते हटलं की आधी बाहेरचे दोन थर जोडले जातात आणि मध्ये लिपिडचा एक देठ तयार होतो. ही अर्धमिलनाची अवस्था. आतले थर अजून वेगळेच असतात, म्हणजे लिपिड मिसळलंय पण आतला माल मिसळलेला नाही. त्यानंतर आतले थर फुटून एक-दोन नॅनोमीटरचं छिद्र पडतं, ते रुंदावतं आणि माल बाहेर येतो. 'अर्धमिलन' हा शब्द लक्षात ठेवा, तुमचा प्रोजेक्ट त्याच्यावरच अडकणार आहे.

चेताटोकात हा जोर तीन प्रथिनं पुरवतात. व्हेसिकलवर सायनॅप्टोब्रेव्हिन, म्हणजेच व्हॅम्प-२, आणि समोरच्या पटलावर सिन्टॅक्सिन-१ व स्नॅप-२५. पहिल्या दोघांकडून एकेक हेलिक्स आणि स्नॅप-२५ कडून दोन, असे चार हेलिक्स पटलापासून लांबच्या टोकाकडून सुरुवात करून पटलाकडे पिळत जातात, चेन लावल्यासारखे. पीळ पुरा झाला की सुमारे १२ नॅनोमीटरची काठी तयार होते, आणि तिच्या एका टोकाशी दोन्ही पटलं ओढली गेलेली असतात. एका गाठीतून मोजण्याच्या पद्धतीनुसार अंदाजे ३५ ते ६५ केबीटी ऊर्जा मिळते (एक केबीटी म्हणजे रेणूच्या उष्णतेच्या हालचालीएवढी ऊर्जा). संथ मिलनाला एक गाठ पुरल्याचं लायपोसोमवर दिसलंय. जलद स्रावाला मात्र निदान तीन लागतात, असं अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या क्रोमॅफिन पेशींवरच्या प्रयोगांनी दाखवलं.

१९९८ मध्ये या काठीची स्फटिक रचना मिळाली. तिच्यात आडवे सोळा थर आहेत, उणे ७ पासून अधिक ८ पर्यंत. जवळजवळ सगळे थर पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचे आहेत, फक्त मधला शून्य थर वेगळा. नागपूरकरांना हे विसरता येणार नाही. झीरो माइलला चार घोडे आहेत, तशा इथे चार बाजू. त्यांतल्या तीन ग्लुटामिनच्या आणि एक आर्जिनिनची. स्नेअरचं क्यू आणि आर हे वर्गीकरण यावरूनच आलं: प्रत्येक चालू गाठीत तीन क्यू, एक आर. 'व्ही-स्नेअर, टी-स्नेअर' ही जुनी नावं परीक्षेत चालतात. पण एकाच जातीच्या दोन व्हेसिकल आपसांत मिसळतात तेव्हा कोण व्ही आणि कोण टी हे सांगता येत नाही, म्हणून क्यू-आर वापरलेलं बरं.

ओळख पटवणारे

रॅब प्रथिनांबद्दल बहुतेक पाठ्यपुस्तकांत पानंच्या पानं असतात, इथे थोडक्यात. माणसात साठाहून अधिक रॅब आहेत. रॅब१ आंतर्द्रव्यजालिका ते गॉल्जी या वाटेवर, रॅब५ सुरुवातीच्या एन्डोसोमवर, रॅब७ उशिराच्या एन्डोसोमवर, रॅब११ परतीच्या वाटेवर, रॅब३ आणि रॅब२७ स्रावाच्या कणिकांवर. जीटीपी धरला की चालू, जीडीपी धरला की बंद. चालू करणारा जीईएफ, बंद करणारा जीएपी, आणि बंद रॅबला पटलावरून उचलून सायटोसोलमध्ये फिरवणारा जीडीआय. नुसती नावं पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट पक्की करा: रॅब कुठल्या पटलावर बसेल हे मुख्यतः त्याचा जीईएफ कुठे बसलाय यावर ठरतं. आणि एका रॅबचा प्रभाव पुढच्याचा जीईएफ बोलावतो. रॅब५ आणि पीआय३पी हे लिपिड मिळून मॉन१-सीसीझेड१ ला आणतात, तो रॅब७ ला चालू करतो, आणि त्याच एन्डोसोमची पाटी बदलते.

चालू रॅब टेदरला, म्हणजे व्हेसिकलला लांबूनच पकडणाऱ्या प्रथिनाला, धरतो. टेदर दोन तऱ्हेचे. एक लांब दोरीसारखे, उदाहरणार्थ ईईए१, जो सुमारे २०० नॅनोमीटर लांब आहे. त्याच्या एका टोकाला पीआय३पी ओळखणारा भाग असतो, दुसरं टोक रॅब५ धरतं. २०१६ मध्ये दिसलं की रॅब५ धरल्यावर ताठ ईईए१ लवचीक होऊन आखडतो आणि पकडलेलं व्हेसिकल जवळ ओढलं जातं. दुसरी तऱ्हा अनेक उपघटकांच्या संकुलांची: पेशीपटलाशी आठ उपघटकांचं एक्सोसिस्ट, लायसोसोमशी सहा उपघटकांचं हॉप्स. रॅब आणि लिपिड दोन्ही जुळल्याशिवाय ईईए१ धड बसत नाही. चूक टळते ती अशा दुहेरी खुणांमुळे.

जिथे खरं नियमन आहे

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एसएम प्रथिनांत, म्हणजे मंक-१८ आणि त्याच्या भाऊबंदांत आहे, आणि नोट्समध्ये नेमकं यांनाच एका ओळीत उरकलेलं असतं. माणसात सात एसएम आहेत: मंक-१८ चे तीन प्रकार, स्लाय१, व्हीपीएस४५ आणि व्हीपीएस३३ चे दोन. ते फक्त मदतनीस असते तर काढून टाकल्यावर काम मंदावलं असतं, थांबलं नसतं. २००० साली मंक-१८-१ नसलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या मेंदूची जडणघडण झाली होती, पण चेताटोकांतून स्राव शून्य. एरवी आपोआप सुटणारी एखाददुसरी व्हेसिकलसुद्धा नाही. पुढच्या वर्षी व्हॅम्प-२ नसलेले उंदीर आले, त्यांच्यात आपोआप होणारा स्राव दहाएक टक्के उरला होता. म्हणजे प्रत्यक्ष गाठ मारणारा स्नेअर गेला तरी काही चालतं, कारण त्याचा भाऊबंद जागा घेऊ शकतो. मंक-१८-१ गेला की मात्र सगळं ठप्प.

तो करतो काय? सिन्टॅक्सिनच्या डोक्याकडे एचएबीसी नावाचा तीन हेलिक्सचा भाग असतो. तो दुमडून स्वतःच्याच स्नेअर भागावर झाकणासारखा बसतो, आणि मंक-१८ हे मिटलेलं सिन्टॅक्सिन घट्ट धरून ठेवतो. इथे विद्यार्थी नेहमी गोंधळतात: मग हा ब्रेक झाला, चालक कसा? उत्तर असं की मिटलेलं सिन्टॅक्सिन भलत्या जोडीत सापडत नाही. पुढे मंक-१३ नावाचं दुसरं प्रथिन येतं आणि त्याचा एमयूएन भाग ते झाकण उघडायला मदत करतो. मग मंक-१८ त्याच जागी साचा बनतो. २०१५ मध्ये व्हीपीएस३३ च्या स्फटिक रचनांत दिसलं की एसएम प्रथिन एका बाजूला क्यूए स्नेअर (सिन्टॅक्सिनचा गट) आणि शेजारच्या खाचेत आर स्नेअर धरतं, दोघांचे थर नेमके समोरासमोर येतील असे. नळीत सोडलेले स्नेअर वाट्टेल तशी, अगदी उलट्या दिशेनेही गाठ मारतात. साच्यावर ती सरळ आणि योग्य जोडीतच बसते.

आता एनएसएफ. १९८८ मध्ये तो शुद्ध केला गेला, आणि एन-इथिलमॅलेइमाइडने बंद पडतो म्हणून ते नाव. सुरुवातीला वाटलं होतं की मिलन हाच घडवतो. १९९६ मध्ये यीस्टच्या व्हॅक्युओलवर कळलं की त्याचं काम आधीच होऊन जातं: अल्फा-स्नॅपच्या (हे स्नॅप-२५ नव्हे, वेगळं प्रथिन) मदतीने एटीपी खर्चून तो जुन्या, वापरलेल्या गाठी सोडवतो, म्हणजे स्नेअर पुन्हा मोकळे होतात. तो म्हणजे सहा घटकांचं कडं आहे. अडचण अशी की त्याला नवी आणि जुनी गाठ यांतला फरक फारसा कळत नाही. २०१३ मध्ये लायपोसोमवर हेच दाखवलं गेलं. फक्त स्नेअर आणि कॅल्शियम ओळखणारं सायनॅप्टोटॅग्मिन असताना एनएसएफ व अल्फा-स्नॅप घातले की मिलन बंद पडलं, आणि मंक-१८ व मंक-१३ घातल्यावर परत सुरू झालं. पेशीत एनएसएफ सतत हजर असतो, त्यामुळे एसएमच्या देखरेखीखाली न झालेली गाठ तिथे टिकत नाही. भलती गाठ बसली तरी ती उसवली जाते. निवड अशी होते, कुलूप-किल्लीने नाही.

चेताटोकात वर आणखी एक कुलूप आहे, वेळेचं. व्हेसिकल अर्धवट पिळलेल्या गाठीवर तयार उभं असतं, आणि कॉम्प्लेक्सिन नावाचं छोटं प्रथिन त्या गाठीच्या खोबणीत बसलेलं असतं. शांत अवस्थेत पेशीतलं कॅल्शियम सुमारे ०.१ मायक्रोमोलर. संदेश आला की चॅनेलच्या तोंडाशी ते क्षणभर दहा ते शंभर मायक्रोमोलरवर जातं. सायनॅप्टोटॅग्मिन-१ च्या सी२ए भागात तीन आणि सी२बी भागात दोन कॅल्शियम आयन बसतात, त्याची टोकं समोरच्या पटलात रुततात आणि एका मिलिसेकंदाच्या आत छिद्र पडतं. स्रावाचा वेग कॅल्शियमच्या चौथ्या-पाचव्या घाताने वाढतो, म्हणून कॅल्शियम अर्धं झालं तर स्राव अर्धा होत नाही, जवळजवळ नाहीसा होतो. कॉम्प्लेक्सिन नुसता ब्रेक आहे असं लिहू नका. तो काढला तर उंदरांच्या चेतापेशींत जलद स्राव कमी होतो, म्हणजे गाठ तयार ठेवण्याचंही काम त्याचंच.

शाखा बदलली तरी आराखडा हाच. स्नायू आणि चरबीच्या पेशींत इन्सुलिन आलं की एकेटी हे एन्झाइम एएस१६० ला फॉस्फेट लावतं. एएस१६० हा रॅबचा जीएपी, तो दाबला गेला की रॅब१०सारखे रॅब चालू राहतात आणि ग्लुकोज आत घेणाऱ्या ग्लुट४ ची व्हेसिकल व्हॅम्प-२, सिन्टॅक्सिन-४, स्नॅप-२३ यांच्या गाठीने पेशीपटलात मिसळतात. एसएम इथेही आहे, मंक-१८सी.

बिघडलं तर

धनुर्वाताचं विष आणि बॉट्युलिनम बी हे दोघंही व्हॅम्प-२ ला एकाच जागी कापतात, ७६ व्या ग्लुटामिन आणि ७७ व्या फेनिलअ‍ॅलनिनच्या मध्ये. तरी एकात रुग्ण ताठतो आणि दुसऱ्यात लुळा पडतो. फरक कात्रीत नाही, ती कुठे पोचते त्यात आहे: धनुर्वाताचं विष मज्जारज्जूपर्यंत चढून आवर घालणाऱ्या चेतापेशींत शिरतं, बॉट्युलिनम चेतापेशी स्नायूला मिळते त्या जागीच थांबतं. बॉट्युलिनम ए स्नॅप-२५ च्या शेवटच्या फक्त नऊ अमिनो आम्लांचा तुकडा पाडतं आणि तेवढ्याने स्राव बंद पडतो. परीक्षेला हमखास विचारण्यासारखी गोष्ट म्हणजे ही विषं पुरी पिळलेली गाठ कापू शकत नाहीत, मोकळे स्नेअरच कापतात.

मंक-१३-४, सिन्टॅक्सिन-११ आणि मंक-१८-२ यांतलं काही जन्मतः बिघडलं तर मारक लिम्फोसाइट आपल्या कणिका सोडू शकत नाहीत, आणि मुलांना आनुवंशिक हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस होतो, अनुक्रमे तिसरा, चौथा आणि पाचवा प्रकार. मंक-१८-१ च्या जनुकाची एकच प्रत बिघडली तरी तान्ह्या बाळांत तीव्र अपस्मार दिसतो. निम्मं प्रथिन असून पुरत नाही, यावरून त्याचं वजन कळावं.

क्षयाचा जंतू तर या यंत्रणेचा जाणकारच. तो मॅक्रोफेजच्या फॅगोसोममध्ये बसून सॅपएम सोडतो, जो पीआय३पी मोडतो, आणि पीटीपीए सोडतो, जो व्हीपीएस३३बी वरचा फॉस्फेट काढतो. म्हणजे टेदरची खूण पुसली, एसएम निकामी केला. स्नेअरला त्याला हात लावावा लागत नाही आणि लायसोसोम जवळ असून मिसळत नाही.

आता प्रोजेक्ट

रूढ पद्धत अशी: व्हॅम्प-२ च्या लायपोसोममध्ये १.५ टक्के एनबीडी-पीई आणि १.५ टक्के र्‍होडामिन-पीई, सिन्टॅक्सिन व स्नॅप-२५ च्या लायपोसोमला रंग नाही. ५ मायक्रोलिटर रंगीत आणि ४५ मायक्रोलिटर बिनरंगी, ३७ अंशांना, ४६० नॅनोमीटरने उद्दीपन आणि ५३८ वर मोजणी. दोन्ही रंग जवळ असताना र्‍होडामिन एनबीडीची चमक विझवतो. लिपिड मिसळलं की दोन रंग दुरावतात आणि एनबीडीची चमक वाढते. शेवटी २.५ टक्के डोडेसिल माल्टोसाइड हे डिटर्जंट १० मायक्रोलिटर घालून मिळणारी कमाल चमक म्हणजे शंभर टक्के.

ही चमक लिपिड मिसळल्याचं सांगते, आणि लिपिड तर अर्धमिलनातही मिसळतं. म्हणून आतला माल मिसळला का ते वेगळं तपासा. एका लायपोसोममध्ये सल्फोर्‍होडामिन बी इतका दाट भरा की तो स्वतःलाच विझवेल. मिलन झालं, रंग पातळ झाला, तर चमक वाढते. पण लायपोसोम गळला तरी चमक वाढते. तेव्हा बिनरंगी लायपोसोम प्रथिनाशिवाय ठेवून गळती मोजणारी नळी शेजारी हवीच.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा वगळला जाणारा कंट्रोल म्हणजे व्हॅम्प-२ चा पटलाबाहेरचा तुकडा भरपूर प्रमाणात घालणं. तो सिन्टॅक्सिनच्या जागा अडवतो. त्याने चमक थांबली नाही, तर तुम्ही स्नेअरचं मिलन मोजत नव्हता.

चुका कुठे होतात? प्रथिन बसवताना वापरलेलं ऑक्टिल ग्लुकोसाइड हे डिटर्जंट नीट निघत नाही, ही पहिली. ते सुमारे २० ते २५ मिलिमोलरच्या वर मायसेल करतं, म्हणून आधी बफर घालून त्याखाली आणा, मग रात्रभर डायलिसिस. उरलेल्या डिटर्जंटने लायपोसोम स्नेअरशिवायही मिसळतात. त्यानंतर निकोडेन्झच्या थरांवर तरंगवून न बसलेलं प्रथिन वेगळं करा. प्रथिन अति भरणं ही दुसरी: एका प्रथिनामागे दोनशेच्या आसपास लिपिड हे व्हॅम्पसाठी खऱ्या व्हेसिकलच्या जवळचं आहे, वीस-तीसवर आणलं तर पटलच अस्थिर होतं. तिसरी सिन्टॅक्सिनची. एका स्नॅप-२५ मागे दोन सिन्टॅक्सिन अडकून बसले की व्हॅम्पला जागा उरत नाही आणि मिलन मंदावतं. सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५ एकत्र व्यक्त करून शुद्ध केले तर हा त्रास कमी होतो. स्नॅप-२५ ची चार सिस्टीन सेरीनमध्ये बदललेलं रूप वापरा, नाहीतर जिवाणूत बनवलेल्या प्रथिनात पामिटेट नसल्याने ती मोकळी राहून आपसांत डायसल्फाइड करतात.

गाठ झाली का हे जेलवर बघायचं असेल तर एक नमुना उकळून आणि एक न उकळता लावा. चेतापेशींच्या स्नेअरची गाठ एसडीएसमध्येही टिकते आणि उकळल्यावरच सुटते. इतर सगळ्या स्नेअरांत असं होईलच असं नाही, तेव्हा न उकळलेल्या नमुन्यात पट्टा नाही म्हणून गाठ नाही असं म्हणू नका.

कॅल्शियमचा प्रयोग करणार असाल तर डीआयोनाइज्ड पाण्याच्या बफरमध्येही काही मायक्रोमोलर कॅल्शियम असू शकतं, त्यामुळे 'कॅल्शियम नसलेल्या' नळीत कॅल्शियम धरून ठेवणारं ईजीटीए घालाच. १५ टक्के पीएस (फॉस्फॅटिडिलसेरीन) असलेल्या लायपोसोमवर सायनॅप्टोटॅग्मिन आणि कॅल्शियम आले की ते एकमेकांना चिकटून गढूळपणा येतो. तो ४०० नॅनोमीटरवर वेगळा मोजा, नाहीतर प्रकाश विखुरण्यालाच मिलन समजाल.

आणि मे महिन्यात हे काम करणार असाल तर 'खोलीच्या तापमानाला' ही सूचना नागपुरात चालत नाही. ती लिहिणाऱ्याची खोली २२ अंशांची असते, तुमची एसी बंद पडल्यावर ४० च्या पुढे जाते. सिस्टीन मोकळी ठेवणारा डीटीटी त्या उष्णतेत काही तासांत निकामी होतो. एनबीडीची चमक तापमान वाढलं की आपोआप घटते, त्यामुळे मोजणीच्या मधोमध वीज गेली आणि थर्मोस्टॅट सुटला, तर आलेखात जो उतार येईल तो मिलनाचा नाही. लायपोसोम बर्फावर ठेवा, फ्रीझरमध्ये नको, गोठवले की फुटतात. चार अंशांवर ठेवून दोन-तीन दिवसांत वापरून टाका. प्लेट रीडर ३७ अंशांवर स्थिर झाल्यावर, बिनरंगी नळीसकट सगळ्या नळ्या दहा मिनिटं आधी गरम करून मगच मिसळा.